दुपारच्या जेवणाला चार आणि एक

काळूराम गेल्यापासून हौसा पोटभर जेवली नव्हती. सकाळी अर्धी भाकर, मिठाचा खडा आणि तांब्याभर पाणी. संध्याकाळी पुन्हा तेच, आणि तेही सून उन्नती समोर मांडी घालून बसली तर. चार महिन्यांत बाई निम्मी झाली. चोळी खांद्यावरून उतरायला लागली. भिवंडीजवळच्या वळ गावात कुणाला त्याचं कारण विचारावं लागत नव्हतं, कारण ती आपणहून सांगायची. दूधवाल्याला सांगायची, गोडाऊनच्या वॉचमनलासुद्धा सांगायची. "माझा मानूस माझ्या हातून उपाशी गेला."

लोक म्हणायचे, म्हातारी भ्रमिष्ट झाली. कसली भ्रमिष्ट? तिला सगळं लख्ख आठवत होतं, तेच तर दुखणं होतं.

झालं होतं ते असं. चैत्रात काळूरामच्या छातीत कळ आली. ठाण्याला इस्पितळात नेला, आठ दिवस आयसीयूत काचेआड ठेवला. डॉक्टरने सांगितलं, तेल बंद, मीठ कमी, चालणं वाढवा. हौसा काचेबाहेरून निघाली ती थेट गावदेवीपुढे जाऊन उभी राहिली आणि बोलली, "याला घरी आण. वर्षभर माझ्या चुलीवर मासळी चढनार न्हाय. सुकीसुद्धा न्हाय." आता आगऱ्याच्या घरात वर्षभर मासळी नाही म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याला कसं समजवायचं? पाहुणे यायचे बंद झाले. भाविक, म्हणजे तिचा मुलगा, ऑफिसच्या नावाने बाहेरच जेवायला लागला. हौसाने स्वतःचीही जीभ बांधून घेतली. उकडलेला दुधी, घोसाळी, बिनफोडणीचं वरण. काळूराम घरी आला, पाटावर बसला, समोर आलं ते काही न बोलता खाऊ लागला. देवी नवसाला पावली म्हणून हौसाने गावात साखर वाटली.

पण आषाढ लागला आणि त्याचं जेवण कमी झालं. सकाळी तो "गोडाऊनवर जाऊन येतो" म्हणून बाहेर पडायचा, एकच्या सुमारास परतायचा, आणि पानावर बसला की अर्धी भाकर खाऊन "जेवलो" म्हणत उठायचा. हौसाचा जीव तुटायचा आणि तोंड चालायचं. ऑक्टोबरच्या दहा तारखेला त्याने अर्धीही खाल्ली नाही. ताट पुढे सरकवून म्हणाला, "आज भूक न्हाय." हौसा भडकली. "मेल्या, तुझ्यासाठीच जीव जाळते ना मी? आनि तू ताट ढकलतोस?" काळूराम हसल्यासारखा झाला, उठून खाटेवर आडवा झाला, आणि मग उठलाच नाही. ती हाक मारायला गेली तेव्हा त्याचा हात छातीवर होता.

भरल्या ताटावरून उठलेला माणूस. आणि शेवटचा शब्द तिने कुठला ऐकवला? मेल्या.

त्यानंतर तो वास. भर दुपारी, साडेबारा ते एकच्या दरम्यान, घरात तळलेल्या मासळीचा वास यायचा. चूल थंड असायची, शेजारची दारं बंद असायची, आणि पडवीतून वास आत शिरून पाटाजवळ थांबायचा. उन्नतीला काही यायचा नाही. खरं सांगायचं तर हा वास काळूराम जिवंत असतानाच सुरू झाला होता. तेव्हा हौसाला वाटायचं, आपलंच नाक हावरट झालंय. देवी बघतेय म्हणून ती स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घ्यायची. पण माणूस गेला तरी वास वेळ चुकला नाही. एक वाजायच्या आत हजर. मग ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि रिकाम्या पाटाकडे बघत राहायची. बघवायचं नाही आणि नजरही काढवायची नाही.

गावचा भगत नवशा म्हणाला, "त्याची वासना अडकली मासळीत. निवट्यांचं कालवन कर, पान वाढून उंबऱ्याबाहेर ठेव, सुटंल."

"चैत्रापत्तूर न्हाय करता येत. नवस हाय."

"ज्याच्यासाठी केलास तोच गेला. आता कसला नवस?"

"मी देवीला वर्षभर बोलले. तो जगला तर, असं न्हाय बोलले."

भाविक हॉटेलातून ताट आणायला निघाला, तर हौसाने त्याला दारातच अडवला. बापूस माझ्या हातचं मागतोय, हॉटेलवाल्याच्या हातचं नाही, असं तिचं म्हणणं. म्हणजे देवीला दिलेला शब्द मोडायचा नाही आणि नवऱ्याला जेवायला घालता येत नाही. मग आपणही पोटभर खायचं नाही, हा तिने काढलेला हिशेब. या वाटेने ती चैत्र बघते की नाही, अशीच अवस्था होती.

फेब्रुवारीत दिपाली आली. दिपाली म्हणजे हौसाच्या भावाची मुलगी, मानकोलीची. कॉलेज करून मुंबईच्या एका संस्थेत कामाला लागली होती. कुणाच्या रक्तात कसली चरबी आहे, तो काय खातो आणि त्याचं हृदय कसं आहे, याचा तिथे अभ्यास चालला होता. त्यासाठी तिने सप्टेंबरात वळची आगऱ्यांची घरं आणि भिवंडी शहरातली मुसलमानांची घरं पालथी घातली होती. उपाशीपोटी रक्त घ्यायचं आणि आठ पानांचा फॉर्म भरायचा. मासळी आठवड्यातून किती वेळा, तेल महिन्याला किती, वनस्पती तूप किती, आणि ते किती तोंडांत वाटलं जातं. काळूराम आणि हौसा, दोघांचंही रक्त तिने घेतलं होतं. फॉर्म मात्र दोघांचा हौसानेच सांगितला. सगळ्या घरांत तसंच झालं होतं. पुरुषाला विचारावं तर तो म्हणायचा, हिला विचार, ताटात काय पडतं ते हिलाच ठाऊक.

दिपाली आत्याला बघून आधी रडली, मग चहा न घेता पिशवीतून कागद काढून बसली.

"आत्या, तू मला मासळी शून्य सांगितलीस. खरंच शून्य होती?"

"म्हंजे? मी खोटी?"

"तुझं रक्त शून्यच सांगतं. पण मामांचं बघ. मासळीची चरबी अख्ख्या वळमध्ये सगळ्यात जास्त मामांच्या रक्तात आहे. आमचे सर म्हणतात, एक तर नळ्या बदलल्या नाहीतर फॉर्म खोटा. मी परत तपासून घेतलं. नळी मामांचीच आहे."

हौसाला काही उमगेना. दिपालीने समजावलं, रक्तातल्या तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात, आणि माणूस खातो त्यातली चरबी त्यांच्या कातडीत जाऊन बसते. एका दिवसाच्या खाण्याने ती बदलत नाही. तोंडाने काहीही सांगितलं तरी रक्त तीन महिन्यांचं जेवण सांगतं.

"परत तपासलं म्हंजे? त्याचं रगत अजून हाय?"

"आहे ना. थोडंसं. मुंबईला बर्फाच्या कपाटात."

"मसनात सगळा जळला की तो."

"तेवढं राहिलंय, आत्या. ते बरीच वर्षं राहतं."

पोराने अग्नी दिला, दिवस घातले, राख खाडीत सोडली, आणि त्याचं बोटभर रक्त अजून मुंबईत कपाटात जागं आहे. आणि ते बोलतंय. बायकोला जे सांगितलं नाही ते परक्या सायबाला सांगतंय. भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग दुसरंच काहीतरी पेटलं.

"कुठं खात व्हता?" तिचा आवाज बारीक झाला. "कुठल्या सवतीनं घातलं त्याला? चार महिने मी उपाशी मरते, आनि हा कुनाच्या घरात पाटावर बसून जेवत व्हता?"

दिपाली घुटमळली. मग तिने दुसरा कागद काढला. भिवंडीतल्या एका घराच्या फॉर्मवर, दुपारी जेवायला किती माणसं, या रकान्यात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, चार आणि एक. ती म्हणाली, "हा एक कोण, ते मी तेव्हा विचारलं नाही. बाई म्हणाली, एक जण रोज येतो, त्याचं तेल-तूप पण धर. मामा पूर्वी ज्यांच्या कारखान्यात होते ना, गुलाम हुसेन, त्यांचं घर आहे हे."

गुलाम हुसेनला हौसा ओळखत होती. जमिनीवर गोडाऊन उभी राहून भाड्याचे पैसे यायच्या आधी काळूरामने त्याच्या कापडाच्या लूमवर वीस वर्षं ड्युटी केली होती. ईदला तिकडून शीरखुर्मा यायचा, गौरीला इकडून तांदळाच्या भाकऱ्या जायच्या. त्याची बायको सालेहा, जाडजूड, हसरी बाई. तिच्या नावाने सवत हा शब्द हौसाच्या तोंडात बसेना. राग मात्र गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. भिवंडीला जाताना रिक्षात दिपालीने पिशवीतले कागद पुन्हा चाळले. मग खाली बघत म्हणाली, "आत्या, कागदावर अजून एक आकडा आहे. मासळीची चरबी चांगली, ती हृदयाला जपते. पण वनस्पती तुपातली एक चरबी असते, ती शिरा बुजवते. मामांच्या रक्तात ती पण खूप होती. ज्यांना आधीच झटका आलाय त्यांना तर ती विषच."

"माझ्या घरात वनस्पती तुपाचा डबा कधी आला न्हाय."

"माहीत आहे. तुझ्या रक्तात नाही." ती थांबली. "गुलाम चाचांच्या रक्तात आहे. त्यांचा कागद मला पुढल्या आठवड्यात नेऊन द्यायचाय."

शुक्रवारी लूम बंद. एरवी त्या गल्लीत शेजाऱ्याशी ओरडून बोलावं लागतं. आज कुणाच्या तरी घरातली बादली सरकवलेली ऐकू येत होती. सालेहाने दार उघडलं, हौसाकडे बघितलं, आणि तिला ओळखायलाच एक क्षण लागला. मग तिने ओढणीने तोंड दाबलं आणि दोघींना स्वयंपाकघरातच नेऊन बसवलं. घरातले पुरुष नमाजाच्या तयारीत होते, सून माहेरी गेली होती.

हौसाने रिक्षात ठरवलेलं सगळं भांडण गिळलं आणि एवढंच विचारलं, "सालेहाबाय, भाविकचा बापूस हितं जेवत व्हता?"

सालेहाने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी चालू झालं, पण बोलणं थांबलं नाही. जणू कुणीतरी विचारावं म्हणून ती थांबलीच होती.

"आषाढापासून. रोज अकराला यायचा. बोलला, भाभी, ती माझ्यासाठी स्वतःची जीभ बांधून राहते, तिचा नवस मोडायचा न्हाई. नवस तिच्या चुलीचा हाय, तुमच्या चुलीचा न्हाई. जेवायचा, हात धुवायचा, आनि परत घरी जाऊन तुझ्यासमोर बसायचा. मी म्हनायची, काळूभाय, दोनदा कसं खाता? तर बोलायचा, न्हाई बसलो तर तिला वाटंल मी रुसलो."

हौसा ऐकत होती. पोट भरून आलेला माणूस तिच्यासमोर बसून मिनतवारीने अर्धी भाकर घशाखाली ढकलत होता, आणि ती त्याला शिव्या घालत होती. त्याच्या मिशीला, सदऱ्याला वास येत होता, आणि ती आपल्या नाकाला दोष देत होती. एकदा जवळ जाऊन हुंगलं असतं तरी कळलं असतं. चार महिने ती ज्याला भूत समजत होती तो तिच्याच नाकाने जपून ठेवलेला नवरा होता.

"त्या दिवशी?" तिने विचारलं. "दहा तारखेला?"

"त्या दिवशी पन. निवटी मिळाली व्हती खाडीची. माझे रोजे चालू व्हते, मीठसुद्धा चाखून बघितलं न्हाई. पन चार खाल्लीन त्याने, वर भात घेतला. बोलला, आज पोट तडस लागलं."

हौसाने डोळे मिटले. पोट तडस लागलं. भूक न्हाय, म्हणाला होता तो, आणि खरंच नव्हती. कुठल्या कुठे गेली ती चार महिन्यांची भाकर, तो मिठाचा खडा. तिला मोठ्याने रडायचं होतं, आणि सालेहाच्या पायाला हात लावायचा होता. जे तिने करायचं ते या बाईने केलं होतं, रोजा धरून, चव न बघता.

सालेहा डोळे पुसत होती. "डॉक्टरनं तेल बंद केलंय, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं. मी काळजी घेतली, हौसाबाय. कसम घेऊन सांगते, तेलाचा थेंब लावला न्हाई त्याला कधी. सगळं तुपात तळलं. आमच्या ह्यांचंही तेव्हापासून तुपातच करते. एका घरात दोन तवे कशाला?"

चुलीशेजारी वनस्पती तुपाचा पाच किलोचा डबा होता. झाकणावर पळी ठेवलेली होती.

दिपालीने हौसाकडे बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली. आतल्या खोलीत गुलाम हुसेन खोकला. मग आधारासाठी भिंत धरावी तसा भिंतीवर हात आपटल्याचा आवाज आला.

आता सांगावं, तर जी रात्र आणि जी दुपार हौसाने चार महिने काढली, ती उचलून या बाईच्या पदरात टाकायची. माझ्या हातून गेला, हे वाक्य तिने बोलायला लागायचं. न सांगावं, तर तो आतला माणूस रोज त्याच डब्यातलं जेवणार. हौसाला जन्मात इतकं कठीण काही पडलं नव्हतं. तिने घसा खाकरला.

"सालेहाबाय, एक बोलायचं व्हतं. तो माझ्या सपनात येतो. रोज येतो. परवा बोलला, सालेहाभाभीला सांग, ह्यो डबा घरात ठेवू नको. मेलेल्याचं बोलनं हाय, मोडू नये. डबा मना दे, मी खाडीत सोडते."

सालेहाचं रडणं थांबलं. तिने हौसाकडे इतका वेळ बघितलं की दिपाली अस्वस्थ होऊन बसल्या जागी सरकली.

"तुझ्याकडं येतो?" सालेहा म्हणाली.

"हां."

"खोटं बोलतेस, हौसाबाय. तो माझ्याकडं येतो." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात काय मिळालं ते सांगावं तसा. "रोज अकराला कडी वाजते. एवढे लूम धडधडत असतात, घरात कुनाला आयकू जात न्हाई, मला जाते. मी उघडते. आत येतो, त्या तिथं बसतो. ताट वाढते, तर जेवत न्हाई. बोलत न्हाई. चुलीकडं बघत बसतो. मी विचारते, काळूभाय, काय चुकलं? काय कमी पडलं? चार महिने विचारते."

सालेहाने मान वळवून डब्याकडे बघितलं. मग दिपालीच्या मांडीवरच्या कागदांकडे.

"पोरी, त्याच्या रगतात काय निघालं?"

दिपालीने कागद उलटे करून ठेवले. हौसा पुढे सरकली. "मासळी निघाली. गावात कुनाच्या रगतात न्हाय एवढी. तू घातलेली."

"आनि?"

हौसाला खोटं सुचलं नाही. तिने नुसता सालेहाचा हात धरला. तो तुपकट होता. सालेहाने दुसऱ्या हाताने पळी बाजूला केली, डबा उचलला आणि हौसाच्या मांडीवर ठेवला. ठेवताना तिच्या तोंडून बाहेर पडलं, "चुलीकडं म्हनून बघत व्हता."

"सालेहाबाय, तू त्याला पोटभर जेवायला घातलंस," हौसा म्हणाली. "मी तेवढंही न्हाय घातलं. मी तुला काय बोलू?"

सालेहाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि ओढणी सारखी केली. हा चेहरा हौसाला ठाऊक होता. साडेबारा वाजत आले की घरी तिचाही असाच व्हायचा.

"तुम्ही आता जा," सालेहा म्हणाली. "येळ झाली त्याची."

दिपाली उठली. हौसा निघाली नाही. तिने डबा जमिनीवर, आपल्या मागे सरकवून ठेवला, जाऊन दाराची कडी काढली, दोन्ही फळ्या सताड उघडल्या, आणि परत येऊन सालेहाच्या शेजारी, दाराकडे तोंड करून बसली.

"दोघी बसू," ती म्हणाली. "एकटीनं बसनं लय वाईट."

अकराला पाच मिनिटं कमी होती.